अर्ध्या किमतीची पुस्तकं

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे, आणि अक्षर साडीच्या उलट्या बाजूच्या टाक्यांसारखं, एक लांब, एक आखूड. चौथीपर्यंत शिकले. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण कागद घेतला की समोर कोणी तरी बसलं आहे असं वाटतं, आणि समोर कोणी बसलं की मला बोलता येत नाही. म्हणून माफी मागून मोकळी झाले.

मी साड्यांना फॉल लावते. महाल भागातल्या दुकानातून गठ्ठा येतो, मी घरी बसून शिवते, दुकानवाले महिन्याला हिशेब करतात. मुलीचे वडील शहराबाहेर बेसाकडे नव्या इमारतींवर चौकीदार आहेत, रविवारचे घरी येतात. मुलगी एकच. आमच्या भिंतीला भिंत लागून जी राहते, तिच्याबद्दल मला लिहायचं आहे. तिलाही एकच मुलगी, माझ्या मुलीहून एका वर्गानं मागे. तिची पोह्यांची गाडी आहे, गल्लीच्या तोंडाशी. सकाळी तिच्या तर्रीचा, पोह्यांवर ओतायच्या तिखट रश्श्याचा, वास आला की आमच्या गल्लीत कोणाला घड्याळ पाहावं लागत नाही.

ती बोलकी, मी अशी. ती मला मुकीच म्हणायची. दुकानदारानं फॉलचा भाव कमी लावला तर मी खाली मान घालून तेवढेच पैसे घेऊन यायची. एकदा तिला कळलं, तर ती गाडी तशीच सोडून, हाताला तेल तसंच, माझ्याबरोबर दुकानात आली. "हे बोलत नाही म्हणून लुटून राहिले काय गा हिले? हिच्या हातचा टाका पाहा आन् मंग भाव सांगा." दुकानदार हसला आणि भाव वाढवून दिला. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आता चहा पाज. वकिलाची फी असते वं."

आमच्या मुली एकाच शाळेत होत्या. लहानशी खासगी शाळा, सेमी इंग्रजी. तिथे पुस्तकं शाळेतूनच विकत घ्यावी लागत, आणि ती महाग असत. म्हणून आम्ही दोघींनी पहिलीपासून एक रीत पाडली होती. जूनमध्ये माझ्या मुलीची पुस्तकं घ्यायची, त्यातले निम्मे पैसे ती द्यायची. वर्षभर पुस्तकं माझ्या मुलीची, पुढच्या वर्षी तिच्या मुलीची. पुष्कळ घरांत जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत देतात, पण ती वर्ष संपल्यावर. आमच्यात पैसे आधी. कारण सगळे पैसे एकदम भरणं मला झेपत नव्हतं, आणि नवं पुस्तक घेणं तिला झेपत नव्हतं. तिच्या मुलीनं सातवीपर्यंत कोरं पुस्तक हातात घेतलं नाही, पण फाटकंही घेतलं नाही.

फाटू नये म्हणून मी पुस्तकं आली की ती उसवून पुन्हा शिवायची. शाळेच्या पुस्तकांना दोन पिना असतात, दिवाळीपर्यंत पानं सुटतात. मी फॉलच्या दोऱ्यानं मधून टाके घालायची, पाठीला फॉलचा उरलेला तुकडा खळीनं चिकटवायची. त्यामुळे आमच्या पोरींच्या पुस्तकांच्या पाठी रंगीत असत. इतिहासाची जांभळी, भूगोलाची मोरपंखी. वर्गातल्या दुसऱ्या मुली हसायच्या म्हणे, पण नंतर दोघीतिघींच्या आयांनी मला तसं करून मागितलं.

आणि मुलींना सक्त नियम होता की पुस्तकात लिहायचं ते पेन्सिलनं.

निकाल लागला की उन्हाळ्यात आम्ही दोघी खोडायला बसायचो. कूलरसमोर, खोडरबर घेऊन. रिकाम्या जागा भरलेल्या, जोड्या लावलेल्या, समासात पोरीनं काढलेल्या बाहुल्या, सगळं खोडायचं. तिला वाचता येत नव्हतं. ती शाळेत गेलीच नाही. तरी खोडायची ती माझ्याहून स्वच्छ, कागद न दुखवता. खोडता खोडता विचारायची, "हे काय लिवलं वं तुह्या पोरीनं? एवढं सारं?" मी वाचून दाखवायची. मग वरचा प्रश्न वाचायची. मग तो प्रश्न कुठल्या धड्यातला, तो धडा. असं करत दुपारभर मी वाचत राहायची आणि ती खोडत राहायची. पाचवीचं पुस्तक मी असं पहिल्यांदा वाचलं. मग सहावीचं. मग सातवीचं. मी शाळेत न जाता मुलीच्या मागून वर्ग चढत होते, आणि माझ्या मागून ती.

सगळ्या जगात मी मोठ्यानं बोलायची ती फक्त तेव्हा. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायचं असलं की माझा आवाज थरथरत नाही. ती म्हणायची, "मुके, तू बोलत काहून नाही ते मले समजलं. तुह्याजवळ आपलं बोलणं नाही, पुस्तकातलं आहे." मी हसायची. एखाद्या धड्यात कोणी मेलं तर ती खोडरबर ठेवून पदर डोळ्याला लावायची आणि वर मलाच रागवायची, "असं वाचत नको जाऊ न वं जेवल्यावर."

दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथूनही आम्ही दरवर्षी एक पुस्तक घ्यायचो, दोघींत एक. कधी गोष्टींचं, कधी कोण्या बाईनं लिहिलेलं स्वतःच्या आयुष्याचं. सहा महिने माझ्या घरी, सहा महिने तिच्या. तिला वाचता येत नव्हतं तरी तिचे सहा महिने ती सोडत नव्हती. तिच्या घरी ते देव्हाऱ्यात असल्यासारखं टीव्हीच्या बाजूला उभं राहायचं. मला वाचायचं असलं की मी तिच्या घरी जायची आणि तिच्या घरी बसून वाचायची.

मुलगी आठवीत जाणार त्या उन्हाळ्यात शाळेनं पालकांना बोलावलं. आता आठवीपासून पुस्तकं नाहीत, टॅब. पुस्तकं टॅबच्या आत. सरांनी मोठ्या पडद्यावर दाखवलं. बोटानं पान उलटतं, चित्र हलतं, हृदय कसं धडधडतं ते दिसतं. एका आईनं विचारलं, डोळे खराब नाही होणार? सर म्हणाले, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, आणि दप्तराचं ओझं बघा किती कमी होईल. ते खरं होतं. माझ्या मुलीची पाठ दुखायची. टॅब आल्यापासून दुखली नाही. मी खोटं लिहिणार नाही.

घरून निघताना शेजारीण मला म्हणाली होती, "त्यायले इचारजो, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या पोरीले ते पुस्तकं चालते काय. लाजू नको." सभेत मला हात वर करता आला नाही. पण सगळे उठले तेव्हा मी दाराशी थांबले आणि सर जवळून जाताना विचारलं, "सर, ही पुस्तकं पुढच्या वर्षी राहतील ना?"

सर घाईत होते, तरी थांबले. म्हणाले, "ताई, हेच तर याचं विशेष. फाटत नाही, भिजत नाही, हरवत नाही."

मी घरी येऊन तेच सांगितलं. फाटत नाही, भिजत नाही, हरवत नाही. ती म्हणाली, "मंग तर चांगलं. तुह्या शिवणाचा तरास गेला."

टॅब महाग होता, तो मी आणि मुलीच्या वडिलांनी आमच्या पैशानं हप्त्यावर घेतला. आतल्या पुस्तकांचे पैसे वेगळे होते, छापील पुस्तकांहून जास्त. त्यातले निम्मे तिनं दिले. भिशी आधी उचलून दिले. आमचं ठरलं होतं की पुढच्या वर्षी ती आपल्या भावाकडून जुना टॅब आणेल आणि माझ्या मुलीच्या टॅबमधली पुस्तकं त्यात टाकून घेऊ. चौकातला मोबाइलवाला सगळ्यांच्या कार्डात गाणी टाकून देतो, सिनेमे टाकून देतो. लग्नाचे फोटो एका फोनमधून सगळ्या नातेवाइकांच्या फोनमध्ये जातात. मग पुस्तकं का जाणार नाहीत? तिला शंका आली नाही, मलाही नाही. उलट तिला वाटलं की या वेळी पुस्तकं दोन्ही पोरींजवळ राहतील, म्हणजे फायदाच.

ते वर्ष मला घरात असून घराबाहेर असल्यासारखं गेलं. टॅब दिवसभर मुलीबरोबर शाळेत. संध्याकाळी ती त्यावर अभ्यास करायची, कानात वायर घालून. तिला मी दोष देत नाही. तिला त्यात खूप काही सापडलं. शाळेची पुस्तकं संपली की गोष्टी वाचायची. एवढ्या गोष्टी आमच्या दोघींना दसऱ्याच्या पुस्तकांतून साऱ्या जन्मात मिळाल्या नसत्या. वाचताना एकटीच हसायची. पूर्वी हसली की मी विचारायची, काय गं? आणि ती पुस्तक माझ्यापुढे धरायची. आता विचारलं तर वायर काढून म्हणायची, "अं? काही नाही."

एकदा मीच मागितला. तिनं प्रेमानं दिला. अक्षर मोठं करून दिलं. पण सुईनं माझ्या बोटांची टोकं कडक झाली आहेत. मी पान उलटायला जायची तर काच समजायचीच नाही. दोनदा, तीनदा घासायची, मग एकदम चार पानं पुढे जायची. आणि मी फॉल लावत वाचायची सवय असलेली बाई. एक टाका घालेपर्यंत पान विझायचं. छापील पुस्तक मांडीशी उघडं पडून राहतं, आपण परत येईपर्यंत थांबतं. हे थांबत नाही. मी मुलीला म्हटलं, तूच वाचून दाखव. तिनं दाखवलं, दोन दिवस. मग तिची परीक्षा आली.

निकाल लागला आणि शेजारीण सवयीनं खोडरबर घेऊन आली. दारातच तिला आठवलं. "अरे हो. आता काय खोडाचं?" असं म्हणून हसली. तरी ती बसली. मी फॉल लावत होते. मग ती म्हणाली, "तोंडानं सांग न वं एखादा धडा. आठवीतला." मला एकही धडा येत नव्हता.

जूनमध्ये तिच्या भावानं जुना टॅब दिला. आम्ही दोघी आणि दोन्ही मुली मोबाइलवाल्याकडे गेलो. तिनं दोन्ही टॅब काचेवर ठेवले. म्हणाली, "यातले पुस्तकं त्याच्यात टाकून दे गा. आठवीचे."

त्यानं माझ्या मुलीचा टॅब उघडला, इकडे तिकडे पाहिलं. "मावशी, यात आठवीचं काहीच नाही."

"काहीच नाही कसं? नीट पाह्य न."

"नववी दिसून राहिली. आठवी गेली. शाळेनं वर्ग बदलला की जुनी निघून जाते." मग तो माझ्या मुलीकडे वळला. "हे तुझ्या नंबरवरच उघडते ना?" मुलगी हो म्हणाली. "मंग असती तरी निघाली नसती. हे गाणे नाही मावशी, टाकून द्याले. हे भाड्याच्या घरासारखं आहे. वर्षभर राहा, चावी परत."

शेजारीण आधी हसली. "चेष्टा करून राहिला काय? आम्ही पैसे भरले."

"वापराचे भरले."

ती माझ्याकडे वळली. "तू इचारलं होतं ना?"

"विचारलं होतं."

"मंग?"

मला सांगायचं होतं की सरांनी काय म्हटलं आणि मी काय समजले. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. पुस्तक फाटलं नव्हतं, भिजलं नव्हतं, हरवलंही नव्हतं. ते जिथे होतं तिथेच होतं, फक्त आमचं नव्हतं. हे सगळं आत्ता लिहिताना नीट सुचतं. तेव्हा दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती, सगळे माझ्याकडे पाहत होते. मी खाली पाहत राहिले.

माझी मुलगी म्हणाली, "मावशी, आईला माहीत नव्हतं." ते तिनं ऐकलं नाही. ती माझं न बोलणं ऐकत होती. इतकी वर्षं तिनं माझं न बोलणं बरोबर ओळखलं होतं. भूक, लाज, ताप, नवऱ्याशी भांडण, सगळं न सांगता ओळखायची. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं चुकीचं ओळखलं.

"मले वाचता येत नाही," ती म्हणाली, हळू. ती हळू बोलली म्हणूनच मी घाबरले. "तुले येते. म्हणून मी तुह्या भरवशावर राहिली. तुह्या पोरीचं वर्ष निघून गेलं माह्या पैशात, नाही?"

तिनं आपला टॅब उचलला आणि मुलीला घेऊन निघून गेली.

तिच्या मुलीचे आठवीचे पैसे शाळेनं पूर्ण मागितले. दुसरी भिशी निघायला वेळ होता. तिनं दिलेले निम्मे परत करायला मी माझ्या घरात होतं तेवढं घेऊन गेले, ते पुरेसं नव्हतं, आणि तिनं दाराच्या आत घेतलं नाही. उंबऱ्यावरून म्हणाली, "तुहे पैसे पूर्ण असतील तवा आण. पोरीचं मी पाहते." पोरीला तिनं महापालिकेच्या शाळेत घातलं. तिथे पुस्तकं फुकट मिळाली, छापलेली, कोरी करकरीत. तिच्या मुलीनं जन्मात पहिल्यांदा कोरी पुस्तकं घेतली, आणि ती मिळाली म्हणून कोणालाच आनंद झाला नाही. माझी मुलगी एक दिवस सांगत आली की तिनं रस्त्यात हाक मारली तर त्या पोरीनं मान फिरवली. मुलगी रडली. मी तिला जवळ घेऊन बसले.

पैसे पूर्ण जमायची वाट पाहिली असती तर वर्ष गेलं असतं. म्हणून दुकानाचा त्यानंतरचा पहिला हिशेब झाला तशी मी थोडे घेऊन तिच्या गाडीवर गेले. गिऱ्हाइकं होती. मी बाजूला उभी राहिले. तिनं मला पाहिलं, सगळ्यांना पोहे दिले, मग हात पुढे केला. मोजून चोळीत ठेवले. "किती राहिले?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. ती परत कढईकडे वळली.

पुढच्या महिन्यात तसंच. त्याच्या पुढच्या महिन्यात तिनं विचारलं, "खोकला कोणाले आहे तुह्या घरी? भिंतीतून ऐकू येते." मी म्हटलं, मुलीला. ती म्हणाली, "अडुळसा दे." ते वाक्य मी घरी येईपर्यंत मनात धरून आणलं.

मुलगी म्हणाली, आई, फोनवरून पाठवून दे ना, एका मिनिटाचं काम, गाडीवर कशाला जाते. मी म्हटलं, मला ते जमत नाही. जमलं असतं. मुलीनं करून दिलं असतं. पण फोनवरून पैसे गेले असते तर मी कुठे गेले असते?

दसरा आला. मी एकटी दीक्षाभूमीवर गेलेच नाही. आधीच्या वर्षीचं पुस्तक माझ्याकडे होतं, आणि आता तिचे सहा महिने लागत होते. मी ते पिशवीत घालून त्या महिन्याच्या पैशांबरोबर नेलं. तिनं पैसे घेतले. पुस्तक हातात घेतलं, त्याच्या पाठीवर अंगठा फिरवला. मी त्याला केशरी तुकडा लावला होता, तिच्याच मुलीच्या लहानपणच्या फ्रॉकचा. मला वाटलं, ठेवून घेईल.

"मले काय वाचता येते?" ती म्हणाली. "ठेव तुह्याच जवळ."

मी म्हणायला हवं होतं, मी येऊन वाचते ना, नेहमीसारखी. ओठापर्यंत आलं होतं. मागे दोन पोरं ताटल्या धरून उभी होती.

लग्नसराईत दुकानातून गठ्ठ्यावर गठ्ठे आले. हिशेब झाला तेव्हा माझ्या हातात एवढे पैसे होते की राहिलेले एकदम देता आले असते. मी दिले नाहीत. नेहमीएवढेच नेले. बाकीचे डाळीच्या डब्यात ठेवले, आणि पुढच्या महिन्यात त्यातूनच तेवढेच काढले. तिला पैशांची गरज होती हे मला दिसत होतं, गाडीचं छत फाटलं होतं, तिनं प्लास्टिक बांधलं होतं. तरी मी थोडे थोडेच दिले. जेवढे राहिले होते तेवढ्याच वेळा मी तिच्यासमोर उभी राहणार होते.

मग एकदा तिनंच मला पकडलं. पैसे मोजता मोजता म्हणाली, "दुकानवाला सांगून राहिला होता, यंदा तुहं काम लई झालं." माझ्याकडे पाहिलं. पूर्वीसारखं, नीट. तिला सगळं कळलं होतं, मी का ओढत होते तेही. मला वाटलं आता हसेल, मला मुकी म्हणेल, काहीतरी बोलेल.

"मंग पुढच्या बारीले सारेच आणजो," ती म्हणाली. "उगाच लांबवू नको. तुले बी तरास, मले बी."

मी डाळीच्या डब्यातले सगळे काढले. त्या सकाळी गाडीवर कोणी नव्हतं, तर्री नुकतीच उकळायला लागली होती. तिनं पैसे घेतले, एकदा मोजले, पदराला हात पुसून पुन्हा मोजले. मग एका वाटीत थोडे पोहे घालून माझ्यापुढे ठेवले, वर चणे, तर्री, कांदा. मी उभ्यानंच खाल्ले. चव नेहमीचीच होती. मी खाईपर्यंत ती दुसरीकडे पाहत राहिली.

वाटी ठेवली तेव्हा मी पोह्यांचे पैसे द्यायला बटवा उघडला. तिनं ते घेतले.

"झाले," ती म्हणाली. "सारे झाले. काहीच राहिलं नाही आता."